चार गावांचा एक ठराव

धामणवळण, ता. जामखेड
१० जानेवारी २०२५

सौ. वन्सं,

नमस्कार. अक्षर ओळखलं असेलच. सासूबाईंनी लावलेलं हे 'वन्सं' काही सुटत नाही. तुम्ही इथलं येणं-जाणं सोडलंत तरी तोंडात तेच येतं.

फोन तुम्ही घेत नाही. माझा नंबर बंद करून टाकलाय म्हणे. म्हणून समितीच्या टपालात हे पत्र घालते. चार गावांचे कागद इकडून तिकडे जातातच, त्यात एक घरचं.

गटविकास अधिकारी साहेब काय म्हणाले ते तुम्हालाही कळलं असेल. आपली धामणवळण, खैरदरा, वाकीतळे आणि नांदूरखोरी एका ओढ्यावरची गावं, तर आराखडाही एकच करा. पाण्याची मोठी टाकी, दवाखाना, बाजाराचे ओटे आणि कचऱ्याचा प्रकल्प. चार गावांत चार कामं, आणि चौघांच्या सह्यांचा एकच ठराव. एकाची सही कमी पडली तरी कुणालाच काही मिळणार नाही. साहेबांना वाटलं असेल, गावं आता गळ्यात गळे घालतील. बिचारे कोकणातले आहेत.

कशाची जागा कुठे ते येत्या बैठकीत ठरेल. कचऱ्याचं नाव काढलं की सगळेच नाक मुरडतात, पण तेही बघू काहीतरी. चार शहाणे बसल्यावर मार्ग निघतोच.

तर बैठक २४ तारखेला आमच्याकडे आहे. समितीचा पायंडा तुम्हाला माहीत आहे, बैठक ज्या गावात, त्या गावाने अध्यक्षपदाचा मान दुसऱ्या गावाला द्यायचा. यंदा हा मान खैरदऱ्याच्या सरपंचांना, म्हणजे तुम्हाला द्यावा असं इथली सरपंच म्हणून मीच सुचवलं. वाकीतळ्याचे सरपंच श्रीमंतराव आणि नांदूरखोरीच्या केशरबाई, दोघांनीही मान डोलावली.

खरं सांगू का? सरपंचाचा मान हे निमित्त आहे. संक्रांतीचे दिवस आहेत आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. हक्कसोडीवर सही केली नाहीत, सातबाऱ्यावर नाव लावून घेतलंत, त्यावरून जे झालं ते झालं. बापाच्या जमिनीत लेकीचा वाटा असतो, कायदाच तसा आहे, मी काय बोलणार? पण लेक आपल्याच गावात येऊन ओटीशिवाय परत गेली तर लोक मला बोलतील, कायद्याला नाही.

तुमच्या दादांनी खर्ड्याच्या बाजारातून काळी चंद्रकळा आणली आहे. दुकानदाराला चार वेळा घडी मोडायला लावली म्हणे. मला दाखवून विचारलं, “पंकाला आवडंल का गं?” इतक्या वर्षांत माझ्यासाठी त्यांनी साधा रुमाल पसंत केलेला नाही.

या. तिळगूळ घ्या आणि गोड बोला.

तुमची वहिनी,
मनकर्णा


धामणवळण
२६ जानेवारी

वन्सं,

झेंडावंदन उरकून लिहायला बसले आहे. परवा तुम्ही चहाला न थांबता निघालात. ओटीतला नारळ दाराशी ठेवून गेलात, तो मी वाया जाऊ दिला नाही, आज बर्फी केली.

राग आला असणार, यायलाच हवा. पण रागावताना माणसाने हिशेब नीट मांडावा, म्हणून काय घडलं ते एकदा लिहून देते.

तुमची गाडी वेशीत आली तेव्हा दादा तबक घेऊन उभे होते. ऊन तोंडावर येत होतं, तरी हलले नाहीत. तुम्ही उतरलात, त्यांच्याकडे बघितलंत आणि डोळ्यांना पदर लावलात. तिथेच मी ओळखलं, काम झालं. खुर्चीवर बसायच्या आधी तुमच्या मनात पाल चुकचुकली नसेल असं मी म्हणत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात, सासरे उठता-बसता सांगायचे. अध्यक्षाला मत नसतं हे तुम्हाला पाठ होतं. पण माहेरच्या वेशीत, भावाच्या हातचं लुगडं घेऊन, सगळ्या गावासमोर 'मला खुर्ची नको' म्हणायचं कसं? आपल्याकडची कुठली बाई म्हणेल? मीही म्हटलं नसतं.

आणि दुसरं, तुम्ही मनाशी धरून चालला होतात की माहेरचं मत आपलंच आहे.

टाकी आमच्या टेकाडावर, ओटे वाकीतळ्याला, दवाखाना नांदूरखोरीला, इथवर तुम्ही मान हलवत होतात. मग कचऱ्याला खैरदऱ्याचं गायरान असं श्रीमंतरावांनी वाचलं आणि तुम्ही अर्ध्या उठलात.

“अवो, त्या गायरानात आमची प्यायची हीर हाय! शेरडं-मेंढरं कुठं नेतील लोकं?”

“ताई, बसा,” श्रीमंतराव म्हणाले. “अध्यक्षानं बोलायचं नसतं. मतं झाल्यावर सही तेवढी करायची.”

त्यांचा हात वर गेला, केशरबाईंचा गेला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. काय बघणं होतं ते, वन्सं! लहान पोर खाऊच्या पुडीकडे बघतं तसं. मी थोडा वेळ हात मांडीवरच ठेवला. वाईट वाटलं म्हणून नाही. तुम्हाला आणखी थोडं तसं बघू द्यावं म्हणून. मग उचलला.

दादा दारात उभे होते. त्यांना आतलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, हात वर करताहेत म्हणजे तुमचा सत्कार चाललाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तुम्ही त्या टाळ्या ऐकत सही केलीत. न करता उठला असतात तर चारही गावांचं काम बुडालं असतं आणि बुडवणारी म्हणून तुमचं नाव झालं असतं. आता गायरान घालवणारी म्हणून होईल. दगडापेक्षा वीट मऊ.

चंद्रकळा नेसा मात्र. तुम्हाला काळा रंग खुलतो.

मनकर्णा


धामणवळण
९ मार्च

वन्सं,

तुमची चिठ्ठी पोचली. “गायरान सोडा. काय पाहिजे ते सांगा.” नमस्कार नाही, चमत्कार नाही. असू दे. नाक दाबलं की तोंड उघडतं, तुमचं उघडलं यातच मला आनंद आहे.

खैरदऱ्यात काय चाललंय ते मला रोज कळतं. ग्रामसभेत लोकांनी तुम्हाला बोलू दिलं नाही. मेंढरंवाल्यांच्या बायका तुमच्या दारात येऊन बसल्या. “माहेरच्या लुगड्यापाई गाव इकलं सरपंचबाईनं,” असं म्हणत होत्या. अजिनाथरावांनी बोलणं टाकलंय असंही ऐकलं. तुमचे यजमान तसे भले आहेत, हात उगारणार नाहीत, पण न बोलणारा नवरा घरात असला की भिंतीसुद्धा अंगावर येतात. मी अंदाजाने लिहिते, माझा नवरा बोलतो.

काय पाहिजे, तर सांगते. आडपडदा नाही. ओढ्याकाठची सासऱ्यांची जमीन, तुमच्या वाट्याची. हक्कसोड करून द्या. आमचा समर्थ चाकणला बारा-बारा तास कंपनीत उभा राहतो, उद्या परत आला तर पाय ठेवायला सलग रान पाहिजे. तुम्ही काय करता त्या जमिनीचं? कसत नाही, विकत नाही. नुसती नावाला धरून ठेवली आहे, माहेर धरून ठेवल्यासारखी.

सही करा. पुढच्या बैठकीत मी विषय पुन्हा घेते. आमच्या टेकाडामागे पडीक आहे, खडक आहे, तिथे कुणाची विहीर नाही. कचरा तिकडे घेते. श्रीमंतराव आणि केशरबाई माझ्या शब्दाबाहेर नाहीत. देवीची शपथ घालून लिहिते.

दादांना यातलं काही सांगू नका. त्यांना एवढंच माहीत आहे की तुम्ही आपण होऊन जमीन सोडताय. त्या आनंदात त्यांनी दोन दिवस गोठा झाडला. का, ते त्यांनाच ठाऊक.

मनकर्णा


धामणवळण
१२ एप्रिल

वन्सं,

जामखेडला तुम्ही वेळेवर आलात, त्याबद्दल आभार. सही तुमची अजून शाळेतल्यासारखीच आहे, गोल गोल. कचेरीबाहेर दादांनी उसाचा रस मागवला. तुम्ही ग्लास हातात धरलात आणि तसाच ठेवलात. ते त्यांना लागलं. वाटभर म्हणत होते, “बर्फ जादा घातलं व्हतं वाटतं. तिच्या दाताला झोंबतं.”

तुम्ही त्यांच्याशी चार शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? पण तुमचा राग माझ्यावरचा आणि उतरतो त्यांच्यावर. तुम्हाला वाटतं, तबक धरणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. मी तुमचा गैरसमज काढलेला नाही आणि काढणारही नाही. तो माझ्या कामाचा आहे.

बरं, आता बैठकीचं. काल वाकीतळ्याला झाली, तुम्हीही होतात, म्हणजे वेगळं सांगायला नको. मी विषय घेतला नाही. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मी वहीत बघत राहिले. शब्द दिला होता, तो पाळला नाही. उगाच कारणं देत बसत नाही. जमीन आली, आता कचरा आमच्या टेकाडामागे कशाला आणू? माझ्याही गावात मतं आहेत.

देवीची शपथ होती खरी. देवीशी माझं मी बघून घेईन.

तुम्ही उठून सगळ्यांसमोर बोलाल असं वाटलं होतं. बोलला नाहीत. काय बोलणार होतात? भाऊबंदकीतल्या जमिनीवर गावाचं गायरान तोलत होतात हे तुमच्या गावकऱ्यांना कळलं असतं, तर ते तुम्हाला वेशीबाहेर घालवून आले असते. सासरे म्हणायचे, आमची पंका कलेक्टर होईल. झालात सरपंच, तेही राखीव जागेवर, माझ्यासारख्याच.

गायरानाला तारेचं कुंपण पडायला लागलं, असं कळलं. पहिला कचरा आमच्या गावचा येईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या पत्रावळी अजून खड्ड्यात पडून आहेत.

मनकर्णा


धामणवळण
३ मे

वन्सं,

हे काय केलंत तुम्ही?

अक्षय तृतीयेला लोक पितरांसाठी पाण्याचा करा भरतात. तुम्ही गायरानातल्या विहिरीवर गेलात आणि गावच्या बायका गोळा करून, डोक्यावरून घागरी ओतून घेऊन भावाच्या नावानं आंघोळ केलीत? जिवंत माणसाच्या? चांगला चालता-बोलता, सकाळी गाईची धार काढणारा माणूस, त्याच्या नावानं?

केशरबाईंनी फोन करून सांगितलं. म्हणाल्या, “लई वंगाळ झालं बया. वल्या लुगड्यानं घरी गेली, आन् मागं वळून बगितलं न्हाई.” लुगडं काळं होतं, तेही त्यांनी सांगितलं.

माझ्या नावानं करायची होती. मी समजू शकले असते. हसलेही असते. पण माझं काही तुमच्याशी रक्ताचं नातं नाही, भावजय मेली तर नणंदेला कितीसं लागतं? तुम्ही बरोबर जागा बघून मारलंत.

दादांना मी सांगणार नव्हते. पण काल खर्ड्याच्या बाजारात तुमच्या गावचा कुणी भेटला. त्याने यांना बघून तोंडाला हात लावला आणि बाजूला झाला. मग दुसऱ्याने सगळं सांगितलं. घरी आले, पिशवी ठेवली, वांगी नीट टोपलीत लावली. म्हणाले, “मनकर्णा, मी मेलो म्हनं.” आणि हसले. मीही हसले.

रात्री जेवले नाहीत. आज सकाळीही नाही. रुसवा आहे, निघेल दोन दिवसांत. पण तुम्हाला सांगते, असले खेळ माझ्याशी खेळू नका. तुमची सरपंचकी अविश्वास ठरावाने घालवायला मला वेळ लागणार नाही. तुमच्या सदस्यांतले कितीजण माझ्या चुलीवरचा चहा पिऊन गेलेत ते मोजायला बसू नका.

मनकर्णा


धामणवळण
२५ मे

वन्सं,

या वेळी भांडायला लिहीत नाही.

ते घरात येत नाहीत. गोठ्यात पथारी टाकली आहे. जेवण नेलं तर म्हणतात, “सुतकात हाय मी. लांबनं ठिव.” मी म्हणाले, कुणाचं सुतक? म्हणाले, “माजंच की.” थट्टा करताहेत असं मला बरेच दिवस वाटत होतं. आता वाटत नाही. दिवसातून अर्धी भाकरी खातात. अंगावरचा सदरा खांद्यावरून घसरायला लागलाय.

जामखेडला डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. दादा त्यांना म्हणाले, “मेल्यावर आजार राहतोय का साह्यब?” डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

त्यांनी मला विचारलं, वन्सं. पहिल्यांदाच विचारलं. “त्या दिशी मी टाळ्या वाजीवल्या, तवा तुजा हात वर व्हता का?” मी खोटं बोलू शकले असते. इतकी वर्षं बोलतेच आहे, जड गेलं नसतं. पण का कोण जाणे, हो म्हणाले. मग जामखेडच्या सहीचंही सांगितलं. ते ऐकत गाईच्या पाठीवरून हात फिरवत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “मंग तिनं बरोबर केलं.”

मी काल वाकीतळ्याला गेले. श्रीमंतरावांना म्हणाले, कचऱ्याचा विषय पुन्हा घेऊ, गायरान सोडू, आमचं टेकाड घ्या. ते हसायला लागले. म्हणाले, “वयनी, चारी गावांनी एक व्हायाचं, ह्ये तुमीच शिकीवलं की आमाला. आता ठराव वर गेला, मंजूर झाला, ओट्याचं काम निघालं. एक कागद फिरवायचा तर समद्याच सह्या परत लागत्यात. आमी कशापाई देऊ?” केशरबाईंनी तर दारही पुरतं उघडलं नाही. दवाखान्याचा पाया खणून झालाय त्यांचा. मी बांधलेली गाठ मलाच सुटेना, आणि सोडायला कुणी बोट लावीना.

गायरान मला परत आणता येत नाही, हे आधीच सांगते. खोटी आशा लावत नाही. पण जमीन माझ्या हातात आहे. सगळी तुमच्या नावाने करून देते, तुमचा वाटा आणि वर आमचाही. समर्थला काय सांगायचं ते मी बघेन. उद्या म्हणालात तर उद्या जामखेडला येते.

बदल्यात फक्त इथे या. माझ्याशी बोलू नका, माझ्या घरचं पाणी पिऊ नका. गोठ्यात जा, त्यांच्या डोक्यावर हात ठेवा आणि 'दादा' म्हणा. तुम्ही मारलंय, तुम्हीच उठवू शकता. माझं ऐकत नाहीत ते.

तुमच्या पाया पडते असं लिहायला हात वळत नव्हता. लिहिलं.

मनकर्णा


धामणवळण
१४ जून

वन्सं,

उत्तर मिळालं. तुमचं अक्षर या वेळी गोल नव्हतं.

“वहिनी, दादाला मी मारलं नाही. तबक त्याच्या हातात तुम्ही दिलं होतं. जमीन नको. आमच्या विहिरीत घाण उतरली आहे, लोक टँकरची वाट बघतात आणि मला बघून थुंकतात. मी तेवढ्याने मरत नाही, दादानंही मरू नये. पण मी येणार नाही. आंघोळ करून झाल्यावर पुन्हा रडायला कुणी येत नसतं.”

यातली ओळ न् ओळ मी त्यांना वाचून दाखवली. दाखवायला नको होती. पण ते म्हणाले, “पंकाचं पत्र हाय व्हय? वाच.” पथारीवर उठून बसले, पटका नीट केला. असं बसून कुणाचं ऐकल्याला महिना झाला असेल. मधे थांबवून त्यांनी एकच विचारलं, “घान उतरली म्हंजी आपल्या गावची का?” मी म्हणाले, चारही गावांची. म्हणाले, “पयली आपली गेलती.”

त्या दिवसापासून पाणी सोडलंय. आपली टाकी अजून पुरी व्हायची आहे, पण तिच्या नव्या बोअरचं पाणी सुरू झालं, नळ गोठ्यापर्यंत आणलाय, चोवीस तास. त्या पाण्याला ते तोंड लावत नाहीत. मी ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून कळशीभर आणते, त्यातलं घोटभर घेतात, बाकीचं गाईला घालतात. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की खुंटा धरून बसतात. चार माणसं आणून उचललं, तर इतके हलके लागले की माणसांनीच त्यांना परत खाली ठेवलं. समर्थ आलाय. तो माझ्याकडे बघत नाही.

मी तुम्हाला या म्हणत नाही. आलात तर काय आणि न आलात तर काय, हे मी म्हणू शकत नाही, पण या असंही म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही आले नसते. आपण दोघी एकाच मापाच्या निघालो, एवढंच. सासूबाई होत्या तोवर कुणाला कळलं नाही.

आज पहाटे त्यांनी हाक मारली. आवाज असा की आधी मला गाय वाटली. जवळ बसले, तर म्हणाले, “मनकर्णा, माज्या धाव्याच्या पिंडाला पंका येईल ना गं? जित्या भावाकडं न्हाई आली, पर धाव्याला बहीन येतीच. रीतच हाय.”

मी म्हणाले, येईल.

तर म्हणाले, “मंग घाई करायला पायजे,” आणि भिंतीकडे तोंड करून निजले. सकाळपासून मी तीनदा झिऱ्याचं पाणी नेलं. तोंड उघडत नाहीत.

मनकर्णा